एक शब्द, दोन वस्तू : जुन्या मिग यंत्राची मांडणी आणि कारखान्यातील परिभाषा

१. विषयाची मर्यादा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील गाळे, डोंबिवलीचा औद्योगिक विभाग आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या पत्र्याच्या शेडा यांत दारे, जिने, ग्रिल, टाक्या आणि छपरांच्या कैच्या तयार करण्याचा उद्योग चालतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि वागळे इस्टेट हे त्याच्या आरंभीच्या क्षेत्रांपैकी एक होय. तेव्हापासून या पट्ट्यात कारखाने उभे राहिले, वाढले, आणि काही बंदही पडले. ठाण्यातील रेमंडचा आणि आंबिवलीजवळच्या मोहने येथील एन. आर. सी. चा असे दोन मोठे कारखाने २००९ साली बंद झाले. कारखाना बंद पडतो, स्थलांतर करतो किंवा नवी सामग्री घेतो, तेव्हा त्याची जुनी यंत्रे बाजारात येतात. स्वतःचा लहानसा धंदा मांडू पाहणारा कारागीर बहुधा अशाच यंत्रापासून आरंभ करतो.

लोखंड जोडण्याचे मिग यंत्र याला अपवाद नाही. असे यंत्र हातात येते तेव्हा त्याच्याबरोबर माहितीपुस्तिका येत नाही. दर्शनी पट्टीवरील अक्षरे झिजलेली असतात, आणि मागील मालकाने आतील जोडण्या कशा बदलल्या असतील याचा पत्ता नसतो. अशा वेळी शिकाऊ माणसापाशी ज्ञानाचे एकच साधन उरते, ते म्हणजे मिस्त्रीचे बोलणे. हे बोलणे मराठी आणि हिंदी यांच्या मिश्रणातून घडलेले असून त्यातील वस्तुवाचक नामे बहुतांशी इंग्रजीतून आलेली आहेत. ठाणे जिल्ह्यातील आगरी-कोळी बोलणारा स्थानिक कारागीर, उत्तर प्रदेशातून आलेला भोजपुरीभाषक वेल्डर आणि उल्हासनगरचा सिंधी व्यापारी यांना एकत्र व्यवहार करता येतो तो या समाईक शब्दसंग्रहामुळेच.

हा शब्दसंग्रह अत्यंत काटकसरी आहे. एकाच शब्दावर दोन-दोन वस्तूंचा भार टाकून तो आपले काम भागवतो. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला वस्तू आधीच ठाऊक असते, तोवर यात काही बिघडत नाही. परंतु शिकाऊ माणसाला वस्तू ठाऊक नसते. त्याला शब्दावरूनच वस्तू ओळखायची असते. अनेकार्थतेचा हा साधा भाषिक व्यापार येथे धातूच्या सांध्याच्या बळाशी, आणि प्रसंगी माणसाच्या जिवाशी, येऊन भिडतो. यंत्राची मांडणी ज्या क्रमाने करावी लागते त्याच क्रमाने असे काही शब्द येथे तपासले आहेत.

२. यंत्राचे नाव

यंत्र विकत घेतानाच पहिला घोटाळा होतो. विक्रेता त्याला ‘सीओटू मशीन’ म्हणतो, शिकवणीच्या पुस्तकात तेच ‘मिग’ असते. ही दोन यंत्रे असावीत अशी नवख्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. शिवाय नाशिकजवळच्या ओझर येथे लढाऊ विमानांचा कारखाना निघाल्यापासून सामान्य मराठी वाचकाच्या कानाला ‘मिग’ हा शब्द विमानाचाच म्हणून परिचयाचा आहे. त्या विमानाचा आणि या यंत्राचा काहीही संबंध नाही.

‘मिग’ हे तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे रूप असून त्यांचा आशय ‘धातू आणि निष्क्रिय वायू’ असा आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत विकसित झाली, तेव्हा वितळत्या धातूवर आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचे आवरण धरले जात असे. पुढे १९५३ साली सोव्हिएट संशोधकांनी पोलाद जोडण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरण्याची रीत पुढे आणली. हा वायू पुष्कळ स्वस्त पडतो. परंतु तो निष्क्रिय नाही. विद्युत्ज्योतीच्या उष्णतेने त्याचे विघटन होते आणि त्यातील ऑक्सिजन धातूशी संयोग पावतो. म्हणून शास्त्रीय वर्गीकरणात या दोन पद्धती वेगळ्या मानल्या जातात. आंतरराष्ट्रीय प्रमाणसंहितेत निष्क्रिय वायूच्या पद्धतीला १३१ आणि सक्रिय वायूच्या पद्धतीला १३५ असे क्रमांक आहेत.

या उदाहरणात कारखान्यातील बोली पुस्तकी नावापेक्षा अधिक नेमकी ठरते. ठाणे-डोंबिवलीच्या शेडांत साध्या पोलादावर जे काम चालते ते बहुतांशी कार्बन डायऑक्साइडनेच चालते, आणि ‘सीओटू’ हे नाव ती वस्तुस्थिती सांगते. याउलट ‘मिग’ या नावावर विसंबणारा मनुष्य ‘मशीन मिग आहे, तेव्हा ॲल्युमिनियमही जोडेल’ असे समजून तोच सिलिंडर लावून बसतो. ॲल्युमिनियमला खरोखरीच निष्क्रिय असा वायू लागतो; कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याचा सांधा काळवंडतो आणि सच्छिद्र होतो.

३. ‘अर्थिंग’

यंत्र जागेवर ठेवल्यावर प्रथम वीज जोडावी लागते. जुनी सीओटू यंत्रे प्रायः वजनदार ट्रान्सफॉर्मरची असून त्यांना ४१५ व्होल्टचा तीन फेजचा पुरवठा लागतो. घरगुती एक फेजच्या जोडणीवर ती चालत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वीच गाळ्याचा मंजूर वीजभार तपासणे इष्ट होय. यंत्राची दर्शनी पट्टी वाचता येत असेल, तर तीवरील टक्क्याचा आकडाही पाहावा. एखाद्या प्रवाहापुढे ६० टक्के असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ दहा मिनिटांच्या कालखंडात त्या प्रवाहाने सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती असा घ्यावयाचा असतो.

यानंतर ‘अर्थिंग लावणे’ हा प्रयोग कानी येतो आणि येथेच या लेखातील सर्वांत गंभीर अनेकार्थता आढळते. कारखान्यात ‘अर्थिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तारा दोन आहेत. पहिली तार यंत्राच्या लोखंडी पेटीपासून निघून जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाते. पुरवठ्याच्या तारेचे आवरण फाटून तिचा स्पर्श पेटीला झालाच, तर वीज या तारेने जमिनीत उतरते, फ्यूज जातो आणि पेटीला हात लावणारा वाचतो. दुसरी तार जाडजूड असून तिच्या टोकाला चिमटा असतो. हा चिमटा जोडावयाच्या कामाला लावतात. टॉर्चमधून गेलेला शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह या तारेने यंत्राकडे परत येतो. तिचा जमिनीशी तत्त्वतः काही संबंध नाही. ती केवळ परतीची वाट आहे.

पहिली तार संरक्षणासाठी आहे, दुसरी कामासाठी आहे. पहिली नसली तरी यंत्र उत्तम चालते. दुसरी नसली तर ठिणगीसुद्धा पडत नाही. परिणामी नवख्याच्या मनात ‘अर्थिंग’ या शब्दाचा जो अर्थ रुजतो तो दुसऱ्या तारेचा असतो, कारण तिची उणीव तत्काळ जाणवते. ‘अर्थिंग लावले आहे’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. पेटीची तार मात्र कित्येकदा मागील मालकाच्या जागेतच तुटून राहिलेली असते. पावसाळ्यात गाळ्याची जमीन ओली, पायांत साधी चप्पल आणि पेटीला जमिनीची तार नाही, असा योग जुळून आला की एका शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर प्राणघातक ठरू शकते.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. ‘अर्थिंग’ म्हणजे जमिनीशी संबंध असे ज्याने ऐकलेले असते, तो चिमटा कामाला न लावता शेडच्या खांबाला लावतो. खांब जमिनीत आहे, तेव्हा ते पुरेसे, अशी त्याची समजूत असते. मग वेल्डिंगचा सारा प्रवाह मिळेल त्या वाटेने खांबापर्यंत पोहोचतो. काम जर शेजारच्या एखाद्या यंत्राला टेकलेले असेल, तर तो त्या यंत्राच्या बारीक संरक्षक तारेतूनही वाहतो आणि ती जाळून टाकतो. आपल्या यंत्रावर काम करणाऱ्याच्या हातून शेजाऱ्याचे संरक्षण नष्ट होते, आणि ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

या गोंधळात मराठीच्या बाजूने आणखी एक भर पडते. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ पृथ्वी किंवा जमीन असा आहे. मराठी कानाला मात्र ‘अर्थ’ म्हटले की आशय किंवा द्रव्य आठवते, जमीन आठवत नाही. शब्दाच्या रूपातून वस्तूचा जो सुगावा इंग्रजी भाषकाला लागू शकतो, तो मराठी शिकाऊ माणसाला लागत नाही. शब्द त्याच्यापाशी निव्वळ खूण म्हणून येतो, आणि खूण जिथे पहिल्यांदा दिसेल तिथेच चिकटते.

४. ‘रॉड’ आणि ‘तार’

या पट्ट्यातील बहुतेक वेल्डर आधी रॉडचे काम शिकलेले असतात. रॉडच्या कामात कांडी जळत जाते आणि ती पुढे सारण्याचे काम हातच करतो. मिग यंत्रात कांडीची जागा रिळावर गुंडाळलेली तार घेते. ही तार एकाच वेळी विद्युत्ज्योतीचे टोक असते आणि सांध्यात भरला जाणारा धातूही असते. ती पुढे ढकलण्याचे काम मोटार करते. म्हणून जुन्या यंत्राची खरी परीक्षा त्याच्या तारेच्या मार्गावर होते.

हा मार्ग रिळापासून आरंभ करून क्रमाने तपासावा. तारेचा व्यास सामान्यतः ०.८, १.० किंवा १.२ मिलिमीटर असतो. रोलरची खाच आणि टॉर्चच्या तोंडाशी असलेली तांब्याची टिप ही दोन्ही त्याच मापाची असावी लागतात. पोलादी तारेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच लागते. रोलरचा दाब कमी असेल तर तार घसरते. फार असेल तर चपटी होते किंवा पुढे अडून रोलरपाशी तिचा गुंता होतो. टॉर्च लाकडाच्या ठोकळ्यावर तिरपी धरून तार सोडावी. रोलर न घसरता तार वाकत पुढे आली, म्हणजे दाब योग्य समजावा. टॉर्चच्या केबलमधील पोकळ नळी जुन्या यंत्रात धुळीने आणि तांब्याच्या भुकटीने भरलेली असते. ती बदलण्याचा खर्च यंत्राच्या मानाने अल्प असतो आणि लाभ मोठा.

ठाण्याची खाडीकाठची हवा दमट असल्याने तारेवरील तांब्याचा पातळ मुलामा पावसाळ्यात तिला गंजापासून पूर्णपणे वाचवू शकत नाही. गंजलेली तार मार्गात अडखळते आणि सांध्यात छिद्रे आणते. काम संपल्यावर रीळ काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची दक्षता याच कारणासाठी घ्यावी. तसेच टॉर्च कोणत्या ध्रुवाला जोडली आहे हेही पाहावे. साध्या भरीव तारेसाठी टॉर्च धन ध्रुवाला लागते. वायूशिवाय चालणाऱ्या पोकळ, चूर्णयुक्त तारेसाठी ती ऋण ध्रुवाला लागते. मागील मालकाने दुसऱ्या प्रकारची तार वापरलेली असल्यास जोडणी उलटी राहिलेली असते, आणि नवा मालक आपल्याच हाताला दोष देत राहतो.

५. ‘गॅस’

कारखान्याच्या भाषेत ‘गॅस’ हा शब्द मिग यंत्राच्या पूर्वीपासून रूढ आहे. ‘गॅस कटिंग’ आणि ‘गॅस वेल्डिंग’ या प्रयोगांत गॅस म्हणजे पेटणारी वस्तू होय. त्यामुळे मिग यंत्राचा गॅसही पेटतो आणि त्याच्याच उष्णतेने धातू वितळतो, असा नवख्याचा समज होतो. सांधा नीट वितळत नसला की तो गॅस वाढवतो. वस्तुतः कार्बन डायऑक्साइड पेटत नाही. उष्णता विजेपासून येते. वायूचे काम वितळलेल्या धातूला हवेपासून झाकण्याचे आहे. त्यासाठी मिनिटाला सुमारे १० ते १५ लिटर वायू साधारण कामाला पुरतो. तो फाजील वाढवला तर प्रवाहात भोवरे होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि ज्या छिद्रांचा बंदोबस्त करावयाचा तीच वाढतात.

गॅस म्हणजे जाळणारी वस्तू, ही समजूत एकदा सुटली की पुढील दक्षता आपोआप उलगडतात. टेबलावरील पंख्याचा झोत कामावर आला, तर आवरण उडून जाते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे. पेटण्याची भीती नाही म्हणून पाण्याच्या टाकीत उतरून बिनधास्त काम करणाऱ्याच्या भोवती तो तळाशी साचतो आणि गुदमरण्याचा धोका निर्माण होतो. टाकीत किंवा खोल खड्ड्यात काम करताना हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था आणि बाहेर लक्ष ठेवणारा दुसरा मनुष्य हे दोन्ही आवश्यक होत. सिलिंडरमधील कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग द्रवरूप असतो. त्याची वाफ होताना थंडी निर्माण होऊन रेग्युलेटर गोठू नये, म्हणून त्यावर विजेवर तापणारा हीटर बसवलेला असतो. सिलिंडर सदैव उभा आणि साखळीने बांधलेला ठेवावा. त्यात किती वायू शिल्लक आहे हे दाबाच्या काट्यापेक्षा वजनावरून अधिक खात्रीने कळते.

६. ‘करंट’

आता मिग यंत्र शिकण्यातील मुख्य अडचण येते. रॉडच्या यंत्राला एकच चक्री असते आणि तिचे नाव ‘करंट’. ती फिरवून वेल्डर प्रवाह ठरवतो, आणि ज्योतीची लांबी हाताने राखतो. मिग यंत्राला दोन चकत्या असतात. एकीला ‘व्होल्टेज’ म्हणतात, दुसरीला पूर्वीच्याच सवयीने ‘करंट’. परंतु ही दुसरी चकती प्रत्यक्षात तारेचा वेग ठरवते. मिग यंत्र आपला व्होल्टेज जवळजवळ स्थिर राखते. जितकी तार मिनिटाला पुढे येईल तितकी ती वितळवण्यास लागणारा प्रवाह आपोआप ओढला जातो. म्हणजे ‘करंट’ हे नाव चुकीचे नाही. पण ते कार्याचे नाव कारणाला दिलेले आहे.

या अर्थांतराचा परिणाम कामावर लगेच दिसतो. सांधा थंड राहिला असे वाटून वेल्डर जुन्या सवयीने केवळ ‘करंट’ वाढवतो. तार वेगाने येऊ लागते. पण तिला वितळवण्याइतका व्होल्टेज नसल्याने ती न वितळताच पत्र्यावर आदळते आणि टॉर्च हाताला मागे ढकलू लागते. उलट व्होल्टेज जास्त आणि वेग कमी असेल, तर तार मागे जळत येऊन तांब्याच्या टिपेला चिकटते. या दोहोंचा मेळ घालणे म्हणजेच यंत्र ‘सेट करणे’. ०.८ मिलिमीटरची तार आणि ३ मिलिमीटरची पट्टी असेल, तर सुमारे १८ ते २० व्होल्ट आणि मिनिटाला पाच-सहा मीटर तार येथून आरंभ करावा, आणि पुढे एका वेळी एकच चकती थोडी फिरवावी. तारेचे टोक टिपेबाहेर १० ते १५ मिलिमीटर असावे.

येथून पुढचे शिक्षण कानाने होते, आणि या ठिकाणी मराठीचे अनुकरणवाचक शब्द मिस्त्रीच्या उपयोगी पडतात. जुन्या यंत्रावरील काटे विश्वासार्ह नसतात. आवाज खोटे बोलत नाही. मेळ जुळला म्हणजे कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा ‘तडतड’ आवाज येतो. ‘फट्-फट्’ असा तुटक आवाज आला तर तार जास्त आहे. तडतड मंदावून ‘फुस्स’ असा पसरट आवाज आला आणि मोठे दाणे उडू लागले तर व्होल्टेज जास्त आहे. ‘करंट’ या शब्दाने केलेली हानी ‘तडतड’ हा शब्द बऱ्याच अंशी भरून काढतो. तो उसना नसल्यामुळे ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

७. ‘टाका’ आणि सांध्याची परीक्षा

काम जागेवर धरून ठेवण्यासाठी प्रथम जे लहान लहान सांधे घेतात त्यांना कारखान्यात ‘टाका’ म्हणतात. इंग्रजीतील शब्द ‘टॅक’ आहे. दोन शब्दांच्या ध्वनिसाम्यामुळे आणि शिवणकामाशी असलेल्या अर्थसाम्यामुळे परका शब्द देशी शब्दात बेमालूम मिसळून गेला आहे. सुदैवाने येथे अर्थाची हानी नाही. टाक्यावर भार टाकू नये, हे कापड शिवणाऱ्यासही ठाऊक असते.

भाराचा विचार मिग यंत्राच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. या यंत्राने केलेला सांधा वरून सुबक दिसूनही आतून सुटा राहू शकतो, कारण तार वितळून पत्र्यावर पसरते, पण पत्रा स्वतः वितळलेला नसतो. रॉडच्या कामात वाईट सांधा बहुधा वाईट दिसतोही. येथे डोळ्याची ग्वाही पुरत नाही. म्हणून शिकाऊ माणसाने ३ मिलिमीटरच्या पट्टीचे तुकडे जोडावेत, ते करवतीने आडवे कापून पाहावेत, आणि काही तुकडे शेगड्यात धरून हातोड्याने वाकवून मोडावेत. सांधा सुटून आला तर व्होल्टेज, वेग आणि हाताची चाल यांची जुळणी पुन्हा करावी. ही परीक्षा उतरेपर्यंत माणसाचा भार घेणारे काम, म्हणजे जिना, कठडा किंवा खिडकीची ग्रिल, हाती घेऊ नये. डोळ्यांसाठी १० ते १२ क्रमांकाची काच, अंगभर सुती कपडे आणि चामड्याचे हातमोजे पहिल्या दिवसापासून असावेत. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेल्यास ताप येतो, हेही ध्यानात ठेवावे.

८. निष्कर्ष

परिभाषेच्या प्रश्नाला शासकीय पातळीवर एक उत्तर दिले गेले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरला ‘संधाता’, फिटरला ‘जोडारी’, टर्नरला ‘कातारी’ अशी नावे आहेत. ग्रंथांत वेल्डिंगला ‘वितळजोडकाम’ म्हटले जाते. हे शब्द सुघटित आहेत. तथापि प्रमाणपत्रावर ‘संधाता’ असलेला तरुण शेडमध्ये पाऊल टाकताच ‘वेल्डर’ होतो. त्याबद्दल खेद मानण्याचे विशेष कारण नाही. व्यवसायाचे नाव कोणतेही असले तरी त्यामुळे अपघात होत नाही. अपघात होतो तो दोन वस्तूंना एकच नाव असल्यामुळे, आणि त्या वस्तूंकडे परिभाषाकारांचे लक्ष कमीच गेले आहे.

रूढ शब्द काढून टाकण्याचा यत्न येथे निष्फळ ठरेल. रूढ शब्दापुढे एक साधे विशेषण जोडणे हा अधिक व्यवहार्य मार्ग होय. ‘पेटीचे अर्थिंग’ आणि ‘कामाचा चिमटा’, ‘पेटता गॅस’ आणि ‘झाकणारा गॅस’, तसेच ‘करंट’च्या जोडीला ‘तारेचा वेग’ हे प्रयोग कोणत्याही भाषकाला समजतील आणि मिस्त्रीच्या तोंडी सहज बसतील. एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरणे हा भाषेचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक जिवंत भाषा असेच करते. परंतु संदर्भावाचून शिकणाऱ्याला त्या दोन वस्तू वेगळ्या करून दाखविणे हे शिकविणाऱ्याचे कर्तव्य ठरते. जुन्या यंत्राबरोबर पुस्तिका येत नाही, तेव्हा मिस्त्रीचे बोलणे हीच पुस्तिका होय. ‘अर्थिंग लावले का?’ या प्रश्नानंतर ‘कुठले?’ असा उलट प्रश्न ज्या शेडमध्ये विचारला जातो, तेथे तिचे पहिले पान नीट वाचले गेले असे समजावे.